वैनगंगा ते विजासन : दोन चाकांवरची यात्रा

गाडीला पिशव्या बांधत होतो तेव्हा शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एवढ्या मे महिन्यात कुठे निघाले बाप्पा? लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातात, अन् तुम्ही चांद्याला चालले!"

काकूंचे काही चुकले नव्हते. आपल्या वस्तीतून माणूस बाहेरगावी निघतो तो लग्नाला, मयतीला किंवा दवाखान्याला. वर्षातून एकदा १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी आणि जमले तर ६ डिसेंबरला चैत्यभूमी. नुसते पाहायला म्हणून जायचे, ही रीत आपल्या घरांत नाही. त्यातून जंगल पाहायला तर मुळीच नाही. माझे वडील म्हणायचे, "जंगल पाहायचं नसते पोरी, जंगलात कामाला जायचं असते." सरपण, मोहफुले आणि तेंदूची पाने यासाठीच आमच्या आईच्या माहेरचे लोक जंगलात पाय टाकत आले.

पण दोन वर्षांपासून आमच्या मनात एक गोष्ट घोळत होती. दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून माझे पती विदर्भातल्या जुन्या बौद्ध स्थळांची एक पुस्तिका घेऊन आले होते. ती वाचताना लक्षात आले की पवनी, भद्रावती ही आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची गावे. एस. टी.च्या खिडकीतून शंभर वेळा पाहिलेली. आत मात्र एकदाही गेलो नव्हतो. नकाशा काढून बसलो तर वाटेत नवेगावबांध आणि ताडोबा अशी दोन राष्ट्रीय उद्यानेही येत होती. ठरवले की आपली अठरा वर्षांची जुनी शंभर सी. सी.ची मोटारसायकल काढायची आणि फेरी मारायची.

२०२५ च्या बुद्धपौर्णिमेनंतर निघायचे नक्की झाले. १२ मेला विहारात वंदना, खीरदान झाले. पण त्याच्या दोनच दिवस आधी एक बातमी आली होती. १० मे रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. माझी मावशी शेजारच्या चिमूर तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. सत्तरी ओलांडली तरी दर मेमध्ये तेंदूपत्त्याला जाते. मावशीकडे फोन लागेना. तेव्हा फिरायला जायचे होते ते आता मावशीला भेटायला जायचे, असे झाले.

पवनीचा नागराज

१४ मेला पहाटे पाचला नागपूर सोडले. उन्हाळ्यात मोटारसायकलने जायचे तर पहाटे पाच ते दहा आणि दुपारी चारनंतर, मधले तास सावलीत काढायचे, हा नियम पहिल्याच दिवशी केला आणि शेवटपर्यंत पाळला. उमरेड येईपर्यंत उजाडले. पुढे भिवापूर. इथली मिरची नावाजलेली. टपरीवर चहा घेतला. या रस्त्याच्या सोबतीने पूर्वी नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी चालायची. रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये ती बंद झाली. माझी आई लग्न होऊन नागपूरला आली ती याच छोट्या गाडीने.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्याची घोषणा २०१२ मध्ये झाली. 'जय' नावाचा मोठा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत इथे आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तो पुन्हा मिळालाच नाही. सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला मोर मात्र भरपूर दिसले.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे फार जुने गाव. गावाभोवती मातीची तटबंदी आणि खंदक आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिले. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते तिच्या पोटात विटांचा प्रचंड स्तूप निघाला. व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षा किंचित जास्तच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतली ही गोष्ट. दगडी कठड्याच्या खांबांवर कोरीव काम आणि दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लिपीतले लेख सापडले. एका खांबावर मुचलिंद नागराज कोरलेला आहे. तथागतांना बोधी प्राप्त झाल्यानंतरच्या आठवड्यांत मोठे वादळ आले, तेव्हा ज्याने आपला फणा त्यांच्यावर धरला तो हा मुचलिंद.

टेकडीवर उभे राहून मी पतींना म्हटले, "१५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगितले होते, आठवते? नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला म्हणून." पुस्तकात वाचलेले ते वाक्य इथे मातीतून वर आल्यासारखे वाटले. ज्या मुलखात आपल्या आजोबा-पणजोबांना गावाबाहेर ठेवले, त्याच मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी सामान्य माणसांनी पदरमोड करून स्तूप उभा केला होता.

टेकडीखाली शेळ्या चारणारा एक मुलगा होता. त्याला विचारले, "इथे काय आहे रे?" तो म्हणाला, "जुन्या विटा हायेत." त्याला दोष काय द्यायचा? चाळीस वर्षे मीसुद्धा एवढेच सांगितले असते.

तलावाचे गाव

पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे मोठे धरण आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्या पाण्याखाली गावे गेली आणि त्या गावांतली आपली माणसेही उठली. पुलावर थांबून नदीकडे पाहिले आणि लाखांदूरच्या रस्त्याला लागलो.

लाखांदूरच्या अलीकडे मागचे चाक बसले. ऊन चढलेले, जवळ झाड नाही. पती फिटर असले तरी ट्यूबला ठिगळ लावायचे सामान घरीच राहिले होते. गाडी ढकलत दीड किलोमीटर गेलो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने चाक खोलले, काटा काढून दाखवला आणि घरातून माठातले पाणी आणून दिले. मी गाडीच्या आरशाला लावलेली निळी फीत पाहून तो हसला आणि "जयभीम" म्हणाला. पैसे घेताना दहा रुपये कमीच घेतले. रस्त्यावर हा एक शब्द किती कामी येतो ते घरात बसून कळत नाही.

हा जुना भंडारा जिल्ह्याचा भाग. १९५४ साली बाबासाहेब इथूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले. मे महिन्याच्या उन्हाळ्यातली ती निवडणूक. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते लढले. पराभव झाला. पंक्चरवाल्याच्या पडवीत तासभर बसून होतो तेव्हा हाच विचार मनात होता की, आपल्याला दोन तासांचे ऊन सोसवत नाही.

संध्याकाळी नवेगावबांधला पोहोचलो. सभोवती टेकड्या आणि मध्ये नजर पोहोचणार नाही एवढे पाणी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यात निष्णात. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते त्यांच्यामुळे. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी इथे नोकरी केली आणि या पाण्यावरची पाखरे मराठी वाचकांच्या घरी पोहोचवली. आम्ही परतल्यानंतर महिनाभरात, जून २०२५ मध्ये, त्यांचे निधन झाले.

सकाळी बांधावर बसून पाणकावळे, बगळे, टिबुकल्या पाहिल्या. आपल्या माणसाला मोठा तलाव दिसला की महाड आठवते. २० मार्च १९२७. पाखरे तेव्हाही चवदार तळ्यावर उतरत असतील, त्यांना कोणी अडवले नसेल. बांध कोणी आखला त्याचे नाव राहिले. मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या ते कुठेच लिहिलेले नाही. मी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारले.

स्वेटरवाल्यांचे गाव

नागपुरात हिवाळा लागला की तिबेटी लोक स्वेटरची दुकाने मांडतात. माझ्या मुलीचे पहिले स्वेटर मी त्यांच्याकडूनच घेतले होते. ही माणसे कुठून येतात असा प्रश्न कधी पडला नव्हता. त्यातली काही इथून, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातून येतात. गोठणगावजवळ त्यांची नॉरग्येलिंग नावाची वसाहत आहे. १९७२ साली निर्वासित तिबेटी कुटुंबांना इथे जमीन देऊन वसवले.

आम्ही वाट वाकडी करून तिथे गेलो. साग-मोहाच्या जंगलात अचानक रंगीत पताका फडफडताना दिसतात. गोम्पात लामा पाठ करत होते. अंगणात एक म्हातारी मण्यांची माळ ओढत बसली होती. तिला हिंदी थोडे येत होते. मी हात जोडून "नमो बुद्धाय" म्हटले. तिने माझे हात धरले आणि कपाळाला लावले. मग आम्हाला खारट लोण्याचा चहा दिला. बेचाळीस अंशांच्या उन्हात तो पिणे ही परीक्षाच होती, पण पेला खाली ठेवला नाही.

त्यांचा बुद्ध आणि आपला बुद्ध दिसायला वेगळा. त्यांच्या मूर्ती, पताका, वाद्ये निराळी. त्यांच्या पूजेतले सगळेच आपल्याला पटेल असे नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो बावीस प्रतिज्ञांसह, डोळस. तरी एक गोष्ट सारखी आहे. हेही घर सोडून आलेले आणि धम्म मात्र सोबत घेऊन आलेले. बर्फातून आलेल्या माणसांनी झाडीपट्टीच्या उन्हात पन्नास वर्षे काढली. पुढच्या हिवाळ्यात स्वेटर घेताना भावावरून घासाघीस करायची नाही, असे मी मनाशी ठरवले.

मावशीच्या गावी

तिथून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड. ब्रह्मपुरीच्या पुढे गाडी मी चालवली. नागपुरात मी स्कूटी चालवते, गिअरची गाडी पतींनी दोन वर्षांपूर्वी शिकवली. मी पुढे आणि ते मागे पिशवी धरून बसलेले पाहून एका बसथांब्यावरचे सगळे लोक वळून पाहू लागले. हे मागून म्हणाले, "पाहू दे. आपण सरळ बघ, समोर खड्डा आहे."

नागभीडहून सिंदेवाहीचा रस्ता फुटतो तिथे आम्ही न बोलता थोडे थांबलो. मग चिमूरकडे वळलो. १६ ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीमुळे चिमूरचे नाव इतिहासात आहे. मावशीचे गाव तिथून आत, ताडोबाच्या बफर क्षेत्रात.

मावशी अंगणात पाने जुळवत बसली होती. आम्हाला पाहून उठली, "कायले आलात बाप्पा एवढ्या उन्हात! अन् जावईबापूले गाडीवर!" फोन का लागत नव्हता तर तो बिघडून आठ दिवस झाले होते. तिला धडधाकट पाहून माझे डोळे भरले. तिने ते पाहिले, पण काही बोलली नाही. अंबाडीचे सरबत दिले आणि पुन्हा पानांपुढे बसली.

तेंदूपत्त्याचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तेंदूची पाने विड्या वळण्यासाठी जातात. हंगाम मे महिन्यातला, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे अंधारात निघायचे. खाली वाकून, बसून कोवळ्या झुडपांची पाने खुडायची. दुपारी घरी आणून सत्तर-सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हिशेब तिच्यावर ठरतो. या दोन-तीन आठवड्यांच्या पैशांत पावसाळ्याचे बियाणे, मुलांच्या वह्या आणि घरावरची कवेलू निघतात. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात. आणि हे काम तर वाकूनच करायचे असते.

"मावशी, यंदा नको जाऊ," मी म्हटले.

"सगळ्याजणी जातो आम्ही, आवाज करत," ती म्हणाली. "एकटी नाही जात." आणि पुडा बांधू लागली.

आमची ताडोबाची सफारी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. सहाजणांच्या जिप्सीत दोन जागा मुलाने आगाऊ नोंदवून ठेवल्या होत्या. मावशीला ते सांगताना मला अवघडल्यासारखे झाले. ती मात्र म्हणाली, "जा, पाहून या. मलाही सांगा आतून कसं दिसते ते. आता आतमध्ये कोन जाऊ देते!"

कोलारा गेट

राष्ट्रीय उद्यानात मोटारसायकलला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. कोलारा गेटवर गाडी ठेवली, मोबाईल जमा केले आणि उघड्या जिप्सीत बसलो. सोबत पुण्याकडचे एक कुटुंब होते. त्यांच्याकडे हातभर लांब कॅमेरा होता.

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. नंतर अंधारी अभयारण्य जोडून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. उन्हाळ्यात साग निष्पर्ण, बांबू वाळलेला, म्हणून जनावर लांबूनही दिसते. आणि पाणी थोड्याच ठिकाणी असल्याने सगळे तिथे येतात. यामुळेच मेच्या उन्हात इथे गर्दी असते. चितळांचे कळप, रानगवे, झाडावर घुबडाची जोडी, वाळवीच्या वारुळात तोंड खुपसलेले अस्वल असे सगळे पाहिले.

गाईड जवळच्याच गावचा तरुण होता. जामणीच्या कुरणात गाडी थांबवून त्याने सांगितले, "इथे गाव होते." जामणी, नवेगाव, कोळसा, बोटेझरी अशी आतली गावे गेल्या वीस वर्षांत पूर्ण किंवा थोडीथोडी बाहेर हलवली. जिथे घरे आणि शेते होती तिथे आता गवत उंच वाढले आहे आणि चितळे चरतात. एका ठिकाणी आंब्याचे झाड एकटेच उभे होते. कुणाच्या तरी अंगणातले असेल.

पुढे ताडोबा तलाव. काठावर तारूचे ठाणे आहे. तारू हा गोंडांचा पुढारी, वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानले. त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव. दर पौषात आदिवासी इथे जत्रेला येत आले. आपण नवस बोलत नाही, देव मानत नाही. पण मी तिथे मान लवून उभी राहिले. देशभर वाघासाठी ओळखले जाणारे हे जंगल वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने ओळखले जाते, हे किती लोकांना ठाऊक असेल?

परतताना वाघ दिसला. वाघीण होती. पाणवठ्यात मागच्या बाजूने उतरून अर्धे अंग पाण्यात बुडवून बसली. कॅमेरे खटखटले आणि मग सगळे गप्प झाले. खोटे का बोलू? असे देखणे जनावर मी आयुष्यात पाहिले नव्हते. दहा मिनिटांनी ती उठली, अंग झाडले आणि बांबूत शिरली. माझ्या हातावर काटा आला होता. ते भीतीने नाही, आनंदाने.

दुपारी मावशीकडे परतलो. पुडे बांधत तिने विचारले, "दिसला काय?"

"दिसला," मी उत्साहाने सांगितले. पाणवठा कसा, ती कशी बसली, कशी उठली, सगळे सांगितले. मावशी ऐकत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"कोनीकडे तोंड होतं त्याचं?"

मला उत्तर देता आले नाही. जिप्सीतल्या आम्हा सहाजणांपैकी कुणाच्याच लक्षात ते आले नसते. आम्ही वाघ दिसावा म्हणून पैसे मोजले होते. मावशी वाघ कुठे निघाला आहे ते जाणून उद्याची वाट ठरवणार होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाघ जगला पाहिजे हे खरेच आहे. सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री ही आपली शिकवण आहे. पण प्राणिमात्रांत मावशीही येते. जंगल राखण्याचा भार कोण उचलते आणि त्याचा मोबदला कुणाला मिळतो, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल. गाईड, जिप्सी, गेटवरची दुकाने यांतून काही गावांना रोजगार मिळतो हेही मी पाहिले. तो मावशीच्या दारापर्यंत आलेला नाही. कोणी सरपण तोडले की त्याला गुन्हेगार ठरवणे सोपे असते. तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाच्या वावराची खबर वेळेवर गावात पोहोचावी, बायकांसोबत पथक असावे, आणि जंगलावाचून पोट भरेल असे काम गावात असावे, एवढे मागणे काही फार नाही.

विजासनची अंधारी

सकाळी मी मावशीला म्हटले, "आज पाने राहू दे. आमच्यासोबत भद्रावतीला चल." ती नाही-हो करता करता तयार झाली. गाडीवर तिघे बसणे बरे नव्हे. तिला चिमूरहून एस. टी.त बसवले. बायकांना अर्धे तिकीट असल्याने ती खुशीत होती. आम्ही मागून मोटारसायकलने निघालो.

वाटेवर खडसंगीच्या बाजूला रामदेगी, म्हणजे आपली संघारामगिरी. जंगलातल्या या टेकडीवर दर जानेवारीच्या अखेरीस धम्म समारंभ भरतो आणि लांबलांबून उपासक येतात. लांबूनच वंदन केले आणि वरोऱ्याकडे वळलो. वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. ते पुन्हा कधीतरी, सवडीने पाहायचे.

भद्रावतीच्या एस. टी. थांब्यावर मावशी आमची वाट पाहत उभी होती. विजासन टेकडी गावापासून जवळच, दीडेक किलोमीटरवर. बाहेरून पाहिले तर साधी खडकाळ टेकडी. दाराशी गेलो की आत सरळ लांब बोगद्यासारखी कोरलेली वाट दिसते. सत्तर फुटांच्या आसपास आत गेल्यावर टोकाला गाभाऱ्यात बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती. दोन्ही बाजूंना अशाच दोन वाटा फुटतात आणि त्यांच्याही टोकाला बुद्धच. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या लेण्याची नोंद केली. बाहेर लाहीलाही, आत माठासारखा गारवा.

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मूर्ती झिजलेली आहे. तरी बसण्याची ढब तशीच आहे. आम्ही मेणबत्ती लावली आणि तिघांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. लेण्यात आवाज असा घुमला की तिघांचे तीस झाल्यासारखे वाटले. मावशी बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "चांद्याले जाता-येता ही टेकडी किती डाव पायली! आत बुद्ध बसून हाय, हे कोनी सांगितलंच नाही."

तिथून चंद्रपूर. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्या समारंभासाठी जिवाचे रान केले. त्यानंतर ५१ दिवसांनी बाबासाहेब गेले. माझे आजोबा त्या दिवशी बैलगाडी घेऊन चांद्याला आले होते. दोन दिवसांची वाट. गाडीत माझी आजी, नऊ वर्षांची माझी आई आणि आजीच्या मांडीवर तीन वर्षांची मावशी. मावशीला अर्थातच काही आठवत नाही. ऑक्टोबरच्या गर्दीत ती अनेकदा इथे आली आहे, पण मेच्या दुपारी निवांत दीक्षाभूमी तिने प्रथमच पाहिली. झाडाखाली बसून आम्ही भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. मावशी म्हणाली, "बैलगाडी कुठं सोडली असन आमच्या बानं?" आणि जागा शोधत असल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली.

निघणाऱ्यांसाठी

या फेरीत सहाशे किलोमीटरच्या वर अंतर झाले. ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. गाडी कितीही जुनी असली तरी चालते, मात्र टायर, ब्रेक आणि चेन आधी तपासा. ठिगळाचे सामान विसरू नका. दोघांनीही हेल्मेट घाला आणि खाली ओला दुपट्टा बांधा. पाणी, मीठ-साखर, कांदा आणि लिंबू सोबत ठेवा. जंगलातल्या रस्त्याने अंधार पडल्यावर जाऊ नका. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो. नोंदणी आधी करा आणि जागा वाटून घ्या, खर्च कमी पडतो. सफारी परवडली नाही तरी पवनी आणि विजासन पाहाच. मुलांना न्या. आणि तिथे पोहोचल्यावर शेळ्या चारणाऱ्या मुलालाही सांगा की या नुसत्या विटा नाहीत.

आपले पूर्वज या रस्त्यांवरून पोटासाठी चालले. आजोबा याच रस्त्याने माणूस म्हणून उभे राहायला गेले. आपण आता डोळे उघडे ठेवून जाऊ शकतो, आणि जे दिसेल ते घरी येऊन सांगू शकतो. वाघ दिसला तर तोही सांगावा, आणि त्याचे तोंड कोणत्या गावाकडे होते तेही पाहून ठेवावे.

मेअखेरीस मावशीचा दुरुस्त झालेला फोन वाजला. पाऊस यायला लागला, फळी बंद झाली, यंदाचा हंगाम संपला. "मी बरी हावो," ती म्हणाली. "पुढच्या साली पवनी दाखव."

जयभीम.